एका मुलाच्या प्रश्नावर ठराव नको, उत्तर द्या : आमच्या मंडळीच्या पंचकमिटीस खुले पत्र

दि. ३० जानेवारी २०२६

प्रति,
माननीय पाळकसाहेब आणि पंचकमिटीचे सर्व सभासद,

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने आपणां सर्वांस सप्रेम सलाम.

नाताळची सुट्टी संपल्यावर पंचकमिटीची जी पहिली बैठक झाली तिच्यात एक ठराव मंजूर झाला आणि पुढच्या रविवारी उपासनेत, सूचनांच्या वेळी, तो वाचून दाखवण्यात आला. परग्रहांवरील जीवन हा विषय ख्रिस्ती विश्वासाशी विसंगत असल्याने मंडळीच्या आवारात, संडे स्कूलमध्ये किंवा तरुण संघात त्यावर शिकवण, चर्चा अथवा कार्यक्रम घेऊ नये, असा त्या ठरावाचा आशय आहे. मी कमिटीला दोन पत्रे दिली आणि भेटीची वेळ मागितली. पत्रांची पोच मिळाली, वेळ मिळाली नाही. म्हणून हे पत्र मी सर्व मंडळीसमोर आणि ज्यांना हा विषय जवळचा वाटतो अशा मंडळीबाहेरच्या वाचकांसमोरही ठेवत आहे. ठराव मंडळीच्या नावाने झाला असल्यामुळे त्यावरचा आक्षेपही मंडळीच्या कानावर गेला पाहिजे, एवढाच यामागचा हेतू आहे.

आपल्यापैकी बहुतेकजण मला ओळखतात. तालुक्याच्या शाळेत मी ३१ वर्षे विज्ञान शिकवले आणि त्यांतली २२ वर्षे दर रविवारी याच आवारातल्या लिंबाखाली संडे स्कूल घेतले. माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा मिशनच्या काळात झाला. त्याआधी आमचे घराणे गावकुसाबाहेर राहत होते, देवळाची पायरी त्यांना बंद होती आणि पाणवठाही बंद होता. हे मी का सांगते ते पुढे येईल. आत्ता इतकेच म्हणते की विश्वास मला वारशाने मिळाला, तो मी अभ्यासाने धरून ठेवला आणि विज्ञान शिकवताना एक दिवसही मला तो खुंटीवर टांगून वर्गात जावे लागले नाही.

ज्या रात्रीवरून हे सारे सुरू झाले त्या रात्री काय घडले हे ठरावात लिहिलेले नाही, म्हणून ते सांगते. २७ डिसेंबरच्या शनिवारी आम्ही आवारात आकाशदर्शन ठेवले होते. एकोणिसावे स्तोत्र वाचून सुरुवात केली : ‘आकाश देवाचा महिमा वर्णिते.’ अर्धा चंद्र पश्चिमेकडे होता, कृत्तिका डोक्यावर आल्या होत्या आणि मृग दक्षिणेकडे चढत होता. ईयोबाच्या अडतिसाव्या अध्यायात परमेश्वर याच कृत्तिका आणि याच मृगशीर्षाची नावे घेऊन ईयोबाला प्रश्न विचारतो, हे मी मुलांना पवित्र शास्त्र उघडून दाखवले. आपल्या मराठी शास्त्रात आपल्याच आजीच्या तोंडची नक्षत्रे आहेत याचे मुलांना फार नवल वाटले. पूर्वेला, पुनर्वसूच्या जवळ, गुरू होता. तरुण संघाने वर्गणीतून घेतलेली दुर्बीण लहानशीच आहे, पण तिच्यातून गुरूजवळ एका ओळीत उभे असलेले ठिपके दिसतात. ते गुरूचे चंद्र असून त्यांतल्या युरोपा नावाच्या चंद्राच्या बर्फाखाली पाण्याचा मोठा समुद्र असावा, असे शास्त्रज्ञांना वाटते, आणि त्याचा अभ्यास करण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले यान २०३० साली तिथे पोहोचायचे आहे, एवढे मी सांगितले.

आठवीतला एक मुलगा दुर्बिणीला डोळा लावून उभा होता. त्याने डोळा काढला नाही. तसाच वाकून तो म्हणाला, “बाई, तिकडे कोणी असलं तर येशू त्यांच्यासाठीपण मेला का?”

कोणीही हसले नाही. मी त्याला म्हटले की हा प्रश्न फार जुना आहे आणि फार चांगला आहे, मोठमोठ्या विश्वासू माणसांनी त्याचा विचार केला आहे, आणि पुढच्या रविवारी आपण सगळे मिळून तो वाचू. तो रविवार आला, पण त्या वेळेपर्यंत दुर्बीण कुलपात गेली होती आणि पालकांसमोर त्या मुलाला सांगण्यात आले होते की असे प्रश्न सैतान मनात घालतो. तेव्हापासून तो संडे स्कूलला आलेला नाही.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार हीच आहे. ठरावावर मतभेद असू शकतात, पण तेरा वर्षांच्या मुलाच्या प्रश्नाला सैतानाचे नाव देण्याचा अधिकार कोणत्याही कमिटीला नाही. त्या मुलाने देव आहे का असे विचारले नव्हते. येशूचे मरण केवढे मोठे आहे, ते कुठवर पोहोचते, हे त्याने विचारले होते. माझ्या २२ वर्षांत तारणाविषयी इतका नेमका प्रश्न मला कोणी विचारला नाही.

दुसरी तक्रार ठरावातल्या ‘विसंगत’ या शब्दाबद्दल आहे. हा शब्द कोणत्या वचनाच्या आधारे वापरला, ते ठरावात नाही. पवित्र शास्त्रात दुसऱ्या ग्रहावर जीव आहेत असे कुठे लिहिलेले नाही आणि नाहीत असेही कुठे लिहिलेले नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात ‘त्याने तारेही केले’ एवढेच आहे. आज आपल्याला दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणारे ६,००० हून अधिक ग्रह ठाऊक आहेत. आपल्या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ साली मिशेल मेयर आणि दिदिए केलोझ यांना सापडला, म्हणजे मी शिकवायला लागले तेव्हा असा एकही ग्रह माहीत नव्हता. मात्र यांपैकी कशावरही जीव सापडलेला नाही, हे मी मुलांना तितक्याच स्पष्टपणे सांगते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये, १२४ प्रकाशवर्षांवरच्या ‘के२-१८बी’ या ग्रहाच्या वातावरणात सजीवांशी संबंधित वायूच्या खुणा दिसल्याचे केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जाहीर केले, तेव्हा हाच मुलगा वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आला होता. इतर अनेक शास्त्रज्ञांना तो पुरावा पुरेसा वाटत नाही, हे मीच त्याला समजावले होते. मी मुलांना परग्रहवासी शिकवते अशी तक्रार ज्यांनी केली त्यांनी एकदा तरी वर्गात येऊन बसावे, ही माझी त्यांना विनंती आहे.

तिसरी गोष्ट थोडी सविस्तर लिहावी लागेल, कारण या विषयावर ख्रिस्ती मंडळीने कधी विचारच केला नाही, हे विज्ञानवाल्यांनी आणलेले नवे खूळ आहे, असा समज ठरावामागे दिसतो. तो समज खरा नाही.

१२७७ साली पॅरिसचे बिशप एतियेन ताम्पिये यांनी २१९ विधाने निषिद्ध ठरवली. त्या काळी तिथल्या विद्यापीठात ॲरिस्टॉटलचा शब्द प्रमाण होता, आणि जग एकच असू शकते, दुसरे असणे अशक्य आहे, असे त्याचे मत होते. बिशपांनी निषिद्ध ठरवलेल्या विधानांत ‘आदिकारणाला (म्हणजे देवाला) अनेक जगे निर्माण करता येणार नाहीत’ हे विधान होते. त्या काळच्या ‘जग’ या शब्दात पृथ्वी आणि तारांगण मिळून सारेच येत असे, आजच्या ग्रहाएवढा त्याचा अर्थ लहान नव्हता, हे मला माहीत आहे. तरीही त्या निर्णयातले तत्त्व आपल्या उपयोगाचे आहे : अनेक जगे आहेतच असे बिशप म्हणाले नाहीत, पण देवाला ती करता येणारच नाहीत असे म्हणायला त्यांनी मनाई केली. आपल्या कमिटीचा ठराव नेमका याच्या उलट दिशेने जातो.

पुढच्या दोनशे वर्षांत हा विचार थांबला नाही. १४४० साली कूझाच्या निकोलस या जर्मन धर्मपंडिताने दुसऱ्या ताऱ्यांच्या प्रदेशांतही रहिवासी असतील असे लिहिले, आणि त्यानंतर आठ वर्षांनी त्याला कार्डिनल करण्यात आले. त्याच शतकात फ्रान्सिस्कन या कॅथलिक साधुसंघातला विल्यम व्होरिलाँग हा पंडित होऊन गेला. त्याने आमच्या आठवीतल्या मुलाचाच प्रश्न घेतला होता. दुसऱ्या जगातल्या रहिवाशांचे तारण ख्रिस्ताच्या या पृथ्वीवरच्या मरणाने होऊ शकेल का? होऊ शकेल, असे त्याचे उत्तर आहे, आणि जगे अगणित असली तरीही होऊ शकेल. ख्रिस्ताने पुन्हा दुसऱ्या जगात जाऊन मरणे मात्र त्याला योग्य वाटत नाही. हा माणूस १४६३ मध्ये वारला. दुर्बिणीचा शोध त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी लागला.

विरोधही झाला, आणि तो आपल्या प्रॉटेस्टंट घराण्यातच झाला. ल्यूथरचा सोबती फिलिप मेलांक्थॉन याने १५४९ साली अनेक जगांच्या कल्पनेविरुद्ध लिहिले. देवाचा पुत्र एकच आहे, तो एकदाच मेला आणि उठला, म्हणून दुसऱ्या जगांत त्याचे मरण पुनःपुन्हा घडते अशी कल्पना करता येत नाही, असा त्याचा मुद्दा होता. हा मुद्दा वजनदार आहे आणि मी तो हलका करू इच्छित नाही. इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायातला ‘एकदाच’ हा शब्द आपल्या विश्वासाच्या मुळाशी आहे. तशीच रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायाची अडचण आहे : पाप आदामाद्वारे आले, मग जे आदामाच्या वंशातले नाहीत त्यांचे पतन झाले असेल का, आणि पतन झाले नसेल तर त्यांना तारणाऱ्याची गरज काय? या खऱ्या अडचणी आहेत. पण मेलांक्थॉनने अडचण मांडली, कारणे दिली आणि आपले नाव घालून ती छापली. आपल्या ठरावात एकही कारण नाही.

माझे स्वतःचे मन व्होरिलाँगच्या उत्तराकडे झुकते. कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल सांगतो की सर्व काही ख्रिस्ताच्या द्वारे आणि त्याच्यासाठी निर्माण झाले, आणि वधस्तंभावरच्या रक्ताने पृथ्वीवरच्याच नव्हे तर स्वर्गातल्याही सर्वांचा समेट देवाने करून घेतला. ‘सर्व’ हा शब्द त्या उताऱ्यात पुनःपुन्हा येतो. आणखी असे की मनुष्य नसलेल्या, बुद्धी असलेल्या, देवाची स्तुती करणाऱ्या प्राण्यांवर आपण आजही विश्वास ठेवतो. देवदूत आदामाच्या वंशातले नाहीत. इब्री लोकांस पत्राचा दुसरा अध्याय तर म्हणतो की ख्रिस्त देवदूतांच्या साहाय्याला आला नाही, अब्राहामाच्या संतानाच्या साहाय्याला आला. देवदूत आहेत म्हणून आपला तारणावरचा विश्वास कधी डळमळला नाही. मग दूरच्या एखाद्या ग्रहावर देवाने आणखी कोणाला निर्माण केले असेल, एवढ्या शक्यतेनेच तो कोसळेल अशी भीती का वाटावी?

ही भीती घालणारे लोक विश्वासाबाहेरचे होते, हेही लक्षात घ्यावे. बायबलवर टीका करणारा इंग्रज लेखक थॉमस पेन याने १७९४ साली लिहिले की अनेक जगे आणि ख्रिस्ती विश्वास या दोन गोष्टी एका मनात राहूच शकत नाहीत. म्हणजे आपल्या ठरावातले ‘विसंगत’ हे म्हणणे त्याचेच आहे. त्याला आणि त्याच्यासारख्यांना उत्तर द्यायला स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या ट्रॉन चर्चमध्ये तिथले पाळक थॉमस चामर्स यांनी १८१५ पासून खगोलशास्त्रावर संदेश दिले. शंभर मेंढरांतले एक हरवले तेव्हा मेंढपाळ नव्याण्णवांना सोडून त्या एकाच्या शोधात निघाला, आणि असंख्य जगांत हरवलेले मेंढरू आपली पृथ्वी असेल तर देवाच्या प्रीतीची थोरवी त्याने वाढतेच, अशी त्यांची मांडणी होती. चामर्स हे पुढे १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पहिले मॉडरेटर, म्हणजे सभाध्यक्ष, झाले, आणि मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन त्याच वर्षी त्या चर्चमध्ये गेले. मराठी मुलुखात शाळा काढणाऱ्या मिशनऱ्यांच्या एका पिढीचे गुरुस्थान असलेला माणूस व्यासपीठावरून जे बोलत होता, ते आज आपल्या लिंबाखाली बोलता येत नाही.

आता पणजोबांची गोष्ट. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो, ‘ह्या मेंढवाड्यातली नव्हेत अशी माझी दुसरी मेंढरे आहेत.’ हे वचन यहूद्यांबाहेरच्या राष्ट्रांविषयी आहे. परग्रहांचा अर्थ त्यात बळेच घुसवू नये, आणि मी तसा घुसवत नाही. पण हे वचन आमच्या घरात तीन पिढ्या पाठ आहे, कारण ते आमच्याविषयी आहे. एके काळी युरोपातल्या लोकांना समुद्रापलीकडच्या माणसांना आत्मा आहे का असा प्रश्न पडत होता, आणि ती खरी माणसेच आहेत असे १५३७ साली पोप तिसरे पॉल यांना पत्रक काढून सांगावे लागले. आपल्या गावांत तर समुद्र ओलांडायचीही गरज नव्हती, वेशीची भिंत पुरेशी होती. जे वेशीबाहेर होते आणि ज्यांना शोधत मेंढपाळ आला, त्यांच्याच पतवंडांनी आता वाडा भरला, दार लावा, असे ठरावात लिहावे, याचे मला दुःख होते. हे दुःख माझे घरचे आहे.

चौथी तक्रार थोडक्यात सांगते. असा ठराव करणे सोपे असते, मागे घेणे फार अवघड जाते. १६१६ साली गोव्यातल्या राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापून झाले, ज्याच्या ओव्यांनी ख्रिस्ताची कथा मराठीत आणली आणि ज्याचा आपणां मराठी ख्रिस्ती लोकांना अभिमान आहे. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात रोममध्ये कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्ती होईपर्यंत बंद करण्यात आला, कारण पृथ्वी फिरते हे म्हणणे पवित्र शास्त्राशी विसंगत ठरवले गेले. बंदीच्या यादीतून तो ग्रंथ निघायला १८३५ साल उजाडले. ते कॅथलिकांचे काम, आपला संबंध नाही, असे म्हणून आपल्याला सुटता येणार नाही, कारण कोपर्निकसच्या मताविरुद्ध मेलांक्थॉननेही लिहिले होते. आणि आज रोमची गोष्ट पाहावी तर व्हॅटिकनच्या वेधशाळेचे तत्कालीन संचालक फादर होसे गाब्रिएल फुनेस यांनी २००८ मध्येच सांगितले की परग्रहावर जीव असू शकतात असे मानणे विश्वासाच्या विरुद्ध नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या विज्ञान अकादमीने या विषयावर अभ्याससप्ताह घेतला. गेल्या सप्टेंबरपासून त्या वेधशाळेचे संचालक आहेत मूळचे गोव्याचे फादर रिचर्ड डिसोझा, मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये भौतिकशास्त्र शिकलेले. आपल्याच किनाऱ्यावरचा एक धर्मगुरू दीर्घिकांचा अभ्यास करतो आणि मिस्साही करतो, हे आपल्या मुलांना कळले तर त्यांचा विश्वास कमी होईल की वाढेल, याचा आपण विचार करावा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

ठराव मागे घ्यावा. तो मागे घेणे कमिटीला मान्य नसेल, तर तो ज्या वचनांच्या आधारे केला ती वचने आणि कारणे लेखी द्यावीत आणि त्यावर मंडळीची खुली सभा बोलवावी. त्या सभेत मला विरोध करणाऱ्यांनी आधी बोलावे, मी नंतर बोलेन.

तरुण संघाची दुर्बीण कुलपातून काढून तरुण संघाच्या हाती द्यावी. ती मुलांच्या वर्गणीची आहे, तिच्यावर माझा किंवा कमिटीचा हक्क नाही.

पाळकसाहेबांनी येत्या दोन महिन्यांत एका रविवारी कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायावर संदेश द्यावा आणि त्यात हा प्रश्न घ्यावा. उत्तर माझ्यासारखेच असावे असा माझा आग्रह नाही. मेलांक्थॉनच्या बाजूने दिलेला संदेशही मी पहिल्या बाकावर बसून, वही घेऊन ऐकेन.

२८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन आहे. आपल्या जिल्ह्याला लागूनच असलेल्या जुन्नर तालुक्यात, खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची मोठी रेडिओ दुर्बीण आहे आणि विज्ञान दिनाच्या सुमारास ती लोकांना पाहायला मिळते. संडे स्कूलच्या मोठ्या मुलांची सहल तिथे नेण्यास परवानगी द्यावी. बसचे भाडे आम्ही शिक्षक उभे करू, मंडळीच्या पेटीतून काही मागणार नाही.

आणि शेवटची मागणी पाळकसाहेबांकडे, कारण ती कमिटीच्या ठरावाने पूर्ण होण्यासारखी नाही. ७ फेब्रुवारीला, शनिवारी संध्याकाळी, मी त्या मुलाच्या घरी जाणार आहे. साहेब, आपण माझ्याबरोबर यावे. त्याच्या आईवडिलांसमोर त्याला सांगावे की त्याचा प्रश्न सैतानाचा नव्हता, आणि मग त्याला तो पुन्हा विचारू द्यावा. मी साडेसहाला चर्चच्या फाटकाशी थांबते.

ख्रिस्तात आपली नम्र,
संडे स्कूलची एक जुनी शिक्षिका